अहोजाहोची शिक्षा

स्टेपच्या गवताळ मुलखातल्या आमच्या गावात तोलेगेनमामाइतका मान कोणालाच नव्हता, आणि मानाची एवढी धास्तीही कोणी घेतली नव्हती.

मामा लग्नांत निवेदन करायचा. माईक हातात आला की रुसलेल्या व्याह्यांनाही नाचायला लावायचा. पण कैरोल्ला वेल्डरकडचं आमंत्रण आलं की तो न जाण्याची कारणं शोधायचा. कैरोल्ला त्याला पाहून उठून उभा राहायचा, सगळ्यांत वरच्या जागी बसवायचा आणि मेंढीचं उकडलेलं डोकं त्याच्यापुढे ठेवायचा. डोकं असतं थोरल्यांसाठी. हे दोघे एका वर्षाचे, एका बाकावरचे. तिशीतच, खरेखुरे म्हातारे बघत असताना, कैरोल्लाने मामाच्या हाती सुरी दिली होती. ‘आपण घ्यावं, तोलेगेनसाहेब.’ म्हाताऱ्यांनी त्याचे संस्कार वाखाणले. मामी म्हणाली, मित्र असावा तर असा.

आमच्याकडे एका वयाच्यांना कुर्दास म्हणतात. कुर्दासाने कुर्दासाला वाटेल ते बोलावं आणि ऐकणाऱ्याने रागावू नये, हा कायदाच आहे. बापाच्या मयतीतही ते एकमेकांच्या टकलावरून बोलून घेतात. सभ्यपणा परक्यांसाठी. त्यामुळे कुर्दासाने ‘आपण’ म्हणणं म्हणजे काय, हे मामाला नेमकं कळत होतं. गावाला कळलं नाही, कारण गाव टाळ्या वाजवत होतं.

झालं होतं ते शाळेच्या शेवटच्या वर्षी. कैरोल्ला अडखळत बोलायचा, ‘ब’वर तर पार अडकायचा. आणि नेमका प्रेमात पडला तो बालझानच्या. निरोपसमारंभात तिच्यासाठी चार ओळी म्हणायचं त्याने ठरवलं. हे फक्त मामाला माहीत. नदीकाठी मामा त्या ओळी त्याच्याकडून घोटून घ्यायचा. सांगायचा, चालीत म्हण, अडणार नाहीस.

समारंभाचं निवेदन मामाकडे आलं, आयुष्यातलं पहिलं. पहिला विनोद पडला. दुसरा पडला. मग मामाने सरळ मित्राच्या चार ओळी उचलल्या, अडखळण्यासकट. ‘ब-ब-ब-बालझान...’ सभागृह लोळलं. बालझान हसली. कैरोल्लाही हसला, कायदाच तसा. मामाला तिथल्या तिथे तीन लग्नांची बोलावणी आली.

दुसऱ्या दिवशी मामा शिव्या खायच्या तयारीने त्याच्या दारात गेला. कैरोल्ला म्हणाला, ‘या. बसा ना. आपण चहा घेणार?’

त्यानंतर मामाने काय काय केलं नाही. चिडवायला कारण मिळावं म्हणून केस बूटपॉलिशसारखे काळेकुट्ट करून आला. कैरोल्ला अदबीने म्हणाला, आपल्याला शोभून दिसतं.

असे दोघे आजोबा व्हायच्या वयाला आले, आणि कैरोल्लाची लेक झानेर्के सासरी निघाली. निघताना बापाने चार शब्दांचा आशीर्वाद द्यायचा असतो. कैरोल्लाने भर मांडवात मामाला विनंती केली, की बोलण्याचं काम आपलं, माझ्या वतीने आपणच द्यावा.

मामाने माईक घेतला. आम्हाला वाटलं, आता पाऊण तास निश्चिंती.

‘याचे शब्द मी एकदा पळवले,’ तो म्हणाला. ‘त्यांच्यावरच आजवर पोट भरलं. आज ज्याचे तो बोलेल.’ आणि माईक कैरोल्लाच्या हातात कोंबला.

कैरोल्लाने माईक तोंडाशी नेला. ‘ब-ब-’

वरपक्षातला एक भला माणूस मदतीला धावला, ‘बाळा, बाळा म्हणायचंय त्यांना.’

‘तुम्ही गप बसा,’ मामा म्हणाला. ‘त्याला घाई नाही, तुम्हाला कसली?’

दोन घासांमधली शांतताही न सोसणारा आमचा मामा तोंड मिटून उभा राहिला. कोणी खाकरलं तरी वळून डोळे वटारत होता.

‘ब-बाळा,’ कैरोल्ला अखेर म्हणाला, ‘तिथेही म-मोठ्याने हस.’

आशीर्वाद पोचला म्हणून सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे तोंडावरून तळवे फिरवले. मामाचं नाक वाहत होतं. कैरोल्लाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माईक चालूच होता.

‘रडतोस काय म्-म्हशीसारखा? आणि ते पोट आत घे. पाहुण्यांना वाटेल, लेकीबरोबर ग-गाभण घोडीपण धाडतोय.’

उभ्या गावात एवढा एकच सभ्य माणूस, त्यालाही म्हातारचळ लागला, असं म्हातारे कुजबुजले. मामी तरातरा निघाली, माफी मागायला लावते म्हणून. मामाने तिचा हात धरला.

‘मध्ये पडू नकोस. त्याचं अजून संपलं नाहीये.’

खरंच, कैरोल्ला पुढच्या शिवीवर अडला होता. मामा ती पुरी व्हायची वाट बघत उभा होता.