अक्रोडाच्या दस्त्याची रायफल

गन ऑइलचा वास आला की इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचं ते बंदुकांचं दुकान आठवतं. पोलिसांनी माझ्या शस्त्रपरवान्याच्या सर्टिफिकेटवर एकाच सेमी-ऑटोमॅटिक रायफलला परवानगी दिली होती, त्यामुळे मी सुरू करत असलेल्या बंदुकांच्या संग्रहातली ही पहिली निवड चुकून चालणार नव्हतं. दुकानदाराने नवी, काळ्या प्लास्टिकची रायफल पुढे केली. दुकानदार देईल ते मुकाट घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. पण माझी नजर अक्रोडाच्या दस्त्याच्या जुन्या रायफलवर होती. "अबे, आजोबांची काठी घेतो का?" सोबतचा नागपूरकर मित्र म्हणाला. मी तीच मागितली आणि दुकानामागच्या रेंजवर दहा गोळ्या झाडल्या. दहाच्या दहा मधल्या वर्तुळात बसल्या. दुकानदाराने नवी रायफल परत रॅकवर ठेवली. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, पण खरं सांगतो, पदवी घेतानाही इतका ताठ उभा नव्हतो.