मार्लीनने निवडलेला आतला रस्ता

मार्लीन हुडिमाला खोटं बोलता येत नाही, असं पोर्टेज गावात सगळे धरून चालत. शाळेची पिवळी बस ती वर्षानुवर्षं चालवत आली होती. एखादं पोर वेळेवर दारात दिसलं नाही की भोंगा वाजवायची आणि त्याच्या आईला तोंडावर सांगायची, "घड्याळाला कशाला दोष देता? उठत नाही तुम्ही." अशा बाईने जन्मात एकदाच ठरवून खोटं सांगितलं. तेही अर्धंच. पण सांगितलं नवऱ्याला.

नवरा दुसरा. पहिला रॉन, अल्बर्टात तेलविहिरींवर कामाला गेला तो "सुगी संपली की येतो" म्हणून. पुढे वकिलाकडून घटस्फोटाचा कागद तेवढा आला. त्यानंतर बरीच वर्षं मार्लीनने पुरुष हा विषयच काढून टाकला होता.

एलिसेओ मेक्सिकोतला. वसंतात भाजीच्या शेतांवर येणाऱ्या आणि बर्फ पक्कं बसायच्या आत परत जाणाऱ्या मजुरांपैकी एक. बायको वारलेली, मुलगी यारेली गावी आजीजवळ. शुक्रवारी संध्याकाळी मालक मजुरांना बाजाराला पाठवी तेव्हा बस मार्लीनचीच असे. एलिसेओ मुद्दाम पुढच्या बाकावर बसायचा आणि तिच्या मोडक्या स्पॅनिशला हसायचा. "म्हातारे, तू आत्ता मला आमच्या गावच्या पाद्रीला मारतात तशी हाक मारलीस." त्यांच्याकडे लाडाने बायकोला म्हातारे म्हणतात. लग्न व्हायच्या आधीपासूनच तो म्हणत होता, आणि तिला ते आवडत होतं.

चौथ्या हंगामात चर्चच्या हॉलमध्ये लग्न झालं. आता प्रश्न त्याच्या कायमच्या वास्तव्याचा. विनिपेगला एक सल्लागार बाई होत्या, त्यांच्याकडे दोघं गेली. बाईंनी नवराबायकोच्या अर्जाचे दोन्ही रस्ते स्वच्छ सांगितले. देशाच्या आतून अर्ज केला तर एलिसेओने इथेच मार्लीनबरोबर राहायचं, मधल्या काळात कामाचा परवानाही मिळेल. मात्र निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला आणि परत आत घेतलं नाही, तर अर्ज संपला. बाहेरून केला तर हिवाळ्यात गावी जायचं, तिथून निकालाची वाट बघायची. तेवढे महिने नवराबायकोची ताटातूट.

"मुलगी आहे ना त्यांना तिकडे?" बाई म्हणाल्या. "मग मी बाहेरचाच सुचवीन. पण त्यांना विचारा."

एलिसेओ टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं इंग्रजी कांदे आणि ट्रॅक्टर यांच्यापलीकडे फारसं जात नसे, आणि बाईंना स्पॅनिश येत नव्हतं. "काय म्हणते ती?" त्याने विचारलं.

"इथूनच अर्ज करायचा म्हणते," मार्लीन म्हणाली. "दुसरं काही नाही. निकाल लागेपर्यंत मात्र इथे थांबावं लागेल."

"थांबू की," तो म्हणाला.

मार्लीन बाईंकडे वळली. "आतूनच करू म्हणतात ते."

हे तिच्या तोंडून कसं निघालं, तर आदल्याच दिवशी चर्चच्या तळघरात बायका पेरोगीच्या करंज्या करायला जमल्या होत्या. बटाट्याचं सारण भरायचं, कडा चिमटीत दाबायच्या आणि गावातल्या सगळ्यांची हजेरी घ्यायची. मार्लीनची थोरली चुलती तेता ऑल्गा टेबलाच्या टोकाला बसून होती. ती म्हणाली, "हंस आणि हे हंगामी गडी एकाच सुमाराला दक्षिणेला जातात. हंस निदान जोडीने जातात."

"तेता, तोंड चालतंय तेवढे हात चालवा," मार्लीन म्हणाली. बायका हसल्या. पण ते वाक्य तिच्याबरोबर घरी आलं, आणि दुसऱ्या दिवशी विनिपेगलाही गेलं.

त्या हिवाळ्यात एलिसेओ पहिल्यांदा इथे, तिच्या घरी राहिला. बटाट्याच्या कारखान्यात कामाला लागला, अंगणातलं बर्फ उपसायला शिकला, थंडीला स्पॅनिशमधून शिव्या देऊ लागला. मार्लीन इतकी सुखात होती की स्वतःशी म्हणायची, कुणाचं काय बिघडलं?

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी यारेलीचा फोन आला. तिला जानेवारीत पंधरावं पुरं होत होतं. त्यांच्याकडे हा मुलीच्या आयुष्यातला लग्नाखालोखाल मोठा दिवस. गाव जेवतं, आणि सगळ्यांसमोर बाप मुलीच्या पायातली सपाट चप्पल काढून उंच टाचेचा बूट चढवतो आणि तिच्याबरोबर पहिला नाच नाचतो.

"पापा, तुमचे पाय शाबूत आहेत ना, की गोठून गळून पडले?" पोरगी फोनच्या पडद्यावरून विचारत होती. "नाचायचंय तुम्हाला. आजी म्हणते, तुम्ही कोंबडीसारखे नाचता."

एलिसेओ हसला. मग म्हणाला, "बेटा, मला नाही येता येणार. कागदांचं काम चाललंय."

"मग काकांना नाचायला सांगू?" पोरीने विचारलं.

"सांग," तो म्हणाला आणि सरपण फोडायला बाहेर गेला. सरपण दोन हिवाळे पुरेल इतकं आधीच फोडलेलं होतं.

आत आल्यावर त्याने मार्लीनचा चेहरा पाहिला आणि तोच तिची समजूत घालू लागला. "तू कशाला तोंड पाडतेस, म्हातारे? दुसरा रस्ता असता तर घेतला असता. नव्हता. त्यात तुझा काय दोष?"

त्याने आरडाओरडा केला असता तर तिला परवडलं असतं. ही माया सोसवेना. तिने यारेलीसाठी भारी कापड पाठवलं, केकचा खर्च आपल्याकडे घेतला. शेवटी तिने सल्लागार बाईंना फोन करून काही खास परवानगी मिळेल का म्हणून विचारलं.

"जाऊ शकतात ते, परत येऊ देतीलच याची हमी नाही," बाई म्हणाल्या. "हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही त्यांना विचारलं होतंत ना?"

मार्लीनने फोन ठेवला.

रविवारी दुपारी एलिसेओ तव्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजत होता. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "रस्ते दोन होते."

"कसले?"

"अर्जाचे. बाहेरून केला असता तर तू तिकडेच असतास. तिच्याजवळ. बाईंनी तोच करा म्हणून सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

त्याने गॅस बंद केला. "मी तिथेच बसलो होतो."

"हो."

"तुझ्या शेजारी."

"हो."

"मी गेलो तर परत येणार नाही, असं वाटलं तुला."

"रॉन गेला तेव्हा—"

"मी रॉन नाही!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दर वसंतात कोण येत होतं? कांद्यांच्या प्रेमाने येत होतो मी?"

तिला रडावंसं वाटलं, पण रडली तर तो पुन्हा तिचीच समजूत घालत बसेल, म्हणून तिने दात आवळले.

तवा बाजूला ठेवून तो म्हणाला, "अर्ज मागे घ्यायचा. मी जातो."

"आणि बाहेरून नवा—"

"ते मी तिथे गेल्यावर सांगेन."

तिने दुसऱ्याच दिवशी अर्ज मागे घेतला. तेता ऑल्गाला कळलं तेव्हा ती फोनवर किंचाळली, "मोकळा सोडलास? आता कसला येतोय तो!" मार्लीन म्हणाली, "नाही आला तर त्याला बोलायचं नाही, तेता. मला बोला."

जानेवारीत तिनेच त्याला विमानतळावर पोचवलं. वाटेत तो कामापुरतं बोलला. परत येशील का, हे शब्द तिने तीनदा गिळले. विचारायचा हक्क आपण घालवलाय, एवढं तिला कळत होतं.

रांगेत शिरता शिरता तो वळला. "पारा उणे तीसच्या खाली जाणार म्हणतात. गाडीच्या इंजिनाला रात्री गरम ठेवायला विजेची वायर लावत जा, नाहीतर सकाळी उठायचं नाही ते. आणि मागचं कुंपण कललंय, त्याला एकटीने हात लावू नकोस."

"लावणार नाही," ती म्हणाली.

तो गेला. शंभर किलोमीटरच्या परतीच्या वाटेवर ती त्याची ती वाक्यं उलटीपालटी करून बघत राहिली. परत येणारा माणूस असं बोलतो, आणि घर सोडून जाणारा भला माणूसही असंच बोलतो. घरी पोचल्यावर तिने आधी इंजिनाला वायर लावली आणि मग दार उघडलं.