मान खाली ठेवायची

वाल काढून झाले, शेतं मोकळी पडली, की गागोद्याच्या आसपासच्या गावांत क्रिकेटचं वारं शिरतं. एकेक जण बायकोचं नाव विसरेल, पण टुर्नामेंटची तारीख विसरायचा नाही. त्या वर्षी काशीबाईचा विशाल भलताच फॉर्मात होता. त्याची बायको मालू मंडळींसाठी पाण्याचा हंडा घेऊन बांधाबांधानं चालली होती, आणि विशालनं उचललेला चेंडू सरळ तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. हंडा पडला, पाठोपाठ ती पडली. माइकवरचा शहाणा ओरडला, "षटकार! वहिनींनी कॅच सोडला!" अख्खं मैदान हसलं. विशालही हसला. मालूनं ते चांगल्या डोळ्यानं पाहिलं.

विशालला सामनावीराची ट्रॉफी मिळाली. ती घरी नेऊन फळीवर मांडली, आरती तेवढी ओवाळायची बाकी ठेवली, आणि मग मालूला पेणला नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळा फुटलेला नाही, पण आतल्या पडद्याला मार लागून सूज आलीय. सूज उतरेल, दिसायला लागेल. मात्र मार लागलेला पडदा कडेनं फाटू शकतो, म्हणून महिन्याभरानं पुन्हा दाखवायचं. डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं तर त्याच दिवशी यायचं.

आणि खरंच दिसायला लागलं! आधी नुसतं धुकं, मग माणसांचे आकार, मग एके सकाळी मालूनं उजवा डोळा झाकून सुईत दोरा ओवला. आनंदानं तिला रडू आलं. पुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा सासू म्हणाली, "बऱ्या डोल्याला डाक्तर कशाला?" उचलली जीभ लावली टाळ्याला. विषय मिटला.

पावसाच्या तोंडावर डोळ्यात विजा चमकायला लागल्या. दोन दिवस मालू गप्प राहिली, कारण घरात सांगितलं की बोलणी खावी लागणार हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूनं काळा पडदा चढू लागला, तेव्हा तिनं रोह्याला भावाला फोन केला. धनेश तिथल्या एका कंपनीत कामाला, राहायला नदीपलीकडे अष्टमीला. तो शिफ्ट टाकून आला आणि तिला पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. भिंतीचा पोपडा सुटावा तसा डोळ्यातला आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं. धनेश म्हणाला, बरी होईपर्यंत आमच्याकडे राहू दे. काशीबाईनं फोनवर तोंड सोडलं, "लावनी तोंडावर आली नि सून म्हायेरी? लोकं तोंडात शेन घालतील!"

घरी सोडायच्या दिवशी बरोबर विशाल होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून समजावलं. "डोळ्यात गॅसचा फुगा भरलाय. तो कायम वर चढतो. हिनं मान खाली ठेवली तरच तो मागच्या पडद्याला दाबून धरेल आणि पडदा चिकटेल. दहा दिवस बसताना, जेवताना मान खाली. झोपायचं पालथं. घरातच राहायचं. डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये, माती नको, ओझं नको." विशालनं मान डोलावली. मालूला गुंगी होती. तिच्या कानात एवढंच राहिलं, डोळ्यात फुगा, दहा दिवस मान खाली.

काशीबाई दारातच उभी. "काय बोल्ला डाक्तर?"

"मान खाली ठेवायची. दहा दिवस," मालू म्हणाली.

"आनि?"

"आनि काय नाय."

म्हातारीचा चेहरा उजळला. "मंग घरात खाली ठेवली काय नि शेतात ठेवली काय, सारकंच! लावनीत मान वर कोन करतं?"

यातली चीड आणणारी गोष्ट ही, की बोलणं बिनबुडाचं नव्हतं. लावणीची बाई सकाळी वाकते ती संध्याकाळीच सरळ होते. मालूलाही ते पटलं. तरी तिनं विचारलं, "खरंच चालंल ना वो?" विशाल आरशासमोर केस विंचरत होता. "आई सांगतेय ना," म्हणाला. लोक म्हणतात मूग गिळून बसला. आमच्याकडे वाल पिकतो, यानं वाल गिळले असतील.

मालू शेतात उतरली, डोळ्यावर पट्टी बांधून. आणि काय इमानानं वाकली म्हणता! बाकीच्या बाया कंबर धरून उभ्या राहायच्या, ही नाही. चहासुद्धा वाकूनच प्यायली. शेजारची शांती कळवळून म्हणाली, "गो, जरा उभी ऱ्हा ना." मालू म्हणाली, "नको गो, फुगा हलंल." तो डोळा तिला इतका हवा होता.

दुपारी विशाल बांधावरून रोपांच्या मुठी फेकत होता. लावणीत तसंच करतात, वाकलेल्या बाईच्या पुढ्यात मूठ पडली पाहिजे. एक मूठ अगदी तिच्या तोंडाखाली पडली आणि चिखलाचं पाणी पट्टीवर उडालं. मालूनं मान वर न करता ओल्या पदरानं ते पुसलं आणि पुढची रोपं खोवली.

दोन दिवसांनी डोळा टोमॅटोसारखा सुजला, पू यायला लागला. सासू म्हणाली, "मान वर केली असशील."

"नाय हो आई. देवाशप्पत नाय केली."

पनवेलला डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि त्यांची नजर मालूच्या नखांतल्या चिखलावर गेली. "शेतात कुणी पाठवलं हिला?"

"तुमीच सांगितलंत," काशीबाई ठसक्यात म्हणाली. "पोरीनं मान वर केली नाय."

बाई विशालकडे वळल्या. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

विशालनं शाळेतली कविता म्हणावी तसं सगळं धडाधड म्हणून दाखवलं. घरातच राहायचं. पाण्याचा थेंब नको. माती नको. ओझं नको. एक अक्षर चुकला नाही मेला! मालू खुर्चीत मान खाली घालूनच बसली होती. तिनं ऐकलं.

"तुमाला म्हाईत होतं?"

"आईपुढं काय बोलनार मी?"

तेव्हा मालूनं मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं, एका डोळ्यानं. दुसरा वाचला नाही. आतून सडला होता, काढावा लागला. धनेशनं तिला तिथूनच अष्टमीला नेलं.

पुढच्या पावसाळ्यात काशीबाई स्वतः अष्टमीला आली. चहा घेतला, विशालची नवी ट्रॉफी सांगितली, मग मुद्द्यावर आली. "चल गो आता. रोपं वर आलीत. एक हाय ना डोला? लावनीला एक पुरं."

"मला नाय जमायचं, आई," मालू म्हणाली. "डाक्तरनी सांगितलंय, आता मान वर ठेवायची."

असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. पण डॉक्टरचं नाव निघालं म्हटल्यावर म्हातारी जरा बिचकली.

"किती दिवस?"

"मरेस्तवर," मालू म्हणाली, आणि कपबशी उचलून आत गेली.