चाकातल्या बांगड्या आणि जवसाचं तेल

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. दुसऱ्यानं सांगितली की त्यात मीठमसाला जास्त पडतो, आणि आमच्या मुर्री गावात ती सांगणारे कमी नाहीत. माझी धाकटी जाऊ सिंधू तर भाजी घ्यायला गेली तरी सांगून येते. तेव्हा चहा घ्या, बसा, आणि खरं काय घडलं ते माझ्या तोंडून ऐका.

पहिलं हे लक्षात घ्या की मी गाडी चालवते. बैलगाडी नाही, चारचाकी मोटार. चौथीनंतर माझी शाळा सुटली, शिकणं सुटलं नाही. शिलाई मशीन उघडून शिकले, विहिरीवरचा पंप उघडून शिकले. साठी उलटल्यावर गाडी शिकले, तीही धान कापल्यावर रिकाम्या झालेल्या बांधीत. धडकून धडकून धडकणार कशाला? बांधाला. धडकलेही. बांध माझाच होता, कोणी काही बोललं नाही.

गाडी मुलाची, प्रमोदची. तो नागपूरला नोकरीला आहे. नवी घेतली तेव्हा जुनी मला दिली. त्यानं ती शौकानं सजवलेली, गोंदियाच्या गुड्डूभाईकडून चकचकीत अलॉयची चाकं लावलेली. मूळची लोखंडी चाकंही सोबत दिली. आता शेताच्या रस्त्याला पावसाळ्यात अलॉय टिकतं का? दगडावर आपटलं की कड मोडते. लोखंडी चाक वाकलं तर ठोकून सरळ होतं. म्हणून माझी रीत अशी: पाऊस लागायच्या आधी लोखंडी चाकं, धान घरात आलं की दिवाळीला अलॉय.

ही अदलाबदल मी स्वतः करायची. एकदा नट जरा ढिले राहिले आणि नेमका तेव्हाच प्रमोद आला. तेव्हापासून त्यानं अट घातली.

"आई, चाकाचं काम गोंदियाले गुड्डूभाईच्या दुकानात. तू हात लावायचा नाही. लावलास तर गाडी मी नागपूरले घेऊन जातो."

"बरं," म्हटलं. बरं म्हणायला काय लागतं? पुढची दोन वर्षं चाकं मीच बदलली. त्याला वाटायचं गुड्डूभाई बदलतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अलॉयच्या मधलं भोक मोठं असतं, आणि गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला उंचवटा, तो लहान. मधली फट भरायला एक पातळ रिंग बसवतात. अगदी बांगडीसारखी. ती असली की चाक बरोबर मध्यावर बसतं आणि गाडी थरथरत नाही. लोखंडी चाकाचं भोक मात्र हबाच्या मापाचंच. त्याला बांगडी चालत नाही, आधी काढावी लागते.

तर यंदा मे संपता संपता मी चाकं खोलायला घेतली. चारही एकदम. जॅकनं एकेक बाजू उचलली आणि खाली सागाचे ओंडके लावले. सिंधू कुंपणापलीकडून बघत होती.

"बाई, का करून राहिल्या जी?"

"चाकं बदलून राहिली."

"चारही एकदम कायले?"

"मंग का एक आज अन् एक पोळ्याले?"

अलॉय निघाली. लाथा खाऊन निघाली, पण निघाली. रिंगा मात्र चारही हबावरच राहिल्या. बोटानं ओढलं, फडक्यानं धरून पिळलं, जाग्यावरून हलत नाहीत. वरून लोखंडी चाक लावून पाहिलं, तर ते रिंगेवर अडून लटकतं.

मी घाबरणारी बाई नाही. बायकांच्या हातात अडकलेल्या बांगड्या मी किती काढल्या असतील. उपाय एकच, तेल. स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाचा डबा आणला आणि प्रत्येक रिंगेवर हात सैल सोडून ओतलं. गेल्या दिवाळीला बसवतानाही पहिल्यांदाच हेच तेल लावलं होतं, रिंग गंजून चिकटू नये म्हणून. ग्रीसचा काळा चिखल मला आवडत नाही. घरचं, घाण्यावरचं शुद्ध तेल असताना बाजारचा चिखल कशाला?

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रिंगा तशाच. कमी पडलं असेल म्हणून आणखी तेल घातलं. तिसऱ्या दिवशी आणखी. रोज सकाळी देवाला पाणी आणि गाडीला तेल असा नेमच झाला. जितकं तेल घालावं तितक्या रिंगा घट्ट. शेवटी उलथन्याची कड घालून खरवडलं, तर पिवळी, चिवट पापडी निघाली. हाताला चिकटेना, पण दातानंही तुटेना. होय, चावून पाहिली. परीक्षा करायची तर पुरती करावी.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हा गोंद! गुड्डूभाईनं अलॉय बसवतानाच रिंगांना गोंद लावला. कशासाठी? गिऱ्हाईकाला चाक घरी बदलता येऊ नये, दरवेळी त्याच्याच दारात यावं म्हणून. केवढा लबाड माणूस! आणि वरून मला अम्मा म्हणतो.

तेवढ्यात प्रमोदचा फोन. "आई, शनिवारी येतो. जेवायलाच येतो."

म्हणजे शनिवारी दुपारी माझी गाडी ओंडक्यांवर आणि मुलगा अंगणात. गाडी नागपूरला जाणार हे नक्की. गाडी गेली की बाजाराला जायचं तर ऑटोची वाट बघा, शेतावर जायचं तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसा. या वयात कोणाच्या मागं बसायची मला सवय नाही.

तेव्हा शनिवारी सकाळीच पापडीचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि ऑटो करून गोंदियाला निघाले. विचार असा की गुड्डूभाईला चार लोकांत पकडायचं, त्याच पावली मुर्रीला आणायचं, त्याच्याच हातानं रिंगा काढून घ्यायच्या, आणि प्रमोद यायच्या आत चाकं बसवून हात धुवायचे. सिंधू सोबत आली. मी बोलावलं नव्हतं.

दुकानात गर्दी होती. बरं झालं म्हटलं, साक्षीदार पाहिजेतच.

"गुड्डू, इधर आ."

"अरे अम्मा, नमस्ते. बहुत दिन बाद."

"नमस्ते बाद में. ये क्या है?" पिशवी त्याच्या नाकापुढं धरली.

त्यानं निरखून पाहिलं. "प्रसाद है?"

"तेरी करतूत है. रिंग को गोंद लगाया तूने. गिऱ्हाईक बार बार तेरे पास आना चाहिए, इसलिए."

हवा भरायला आलेले दोघं-तिघं जवळ सरकले. सिंधूनं माझा पदर ओढला. मला वाटलं, म्हणते आहे की बाई, आणखी बोला. मी आवाज वाढवला.

गुड्डूभाई शांत माणूस. म्हणाला, "अम्मा, आपकी गाड़ी दो साल से इस दुकान पे आई नहीं. मैं गोंद लगाने मुर्री आया था क्या?"

"जब अलॉय बैठाया तब लगाया."

"तो फिर उसके बाद चक्के कैसे खुले? कौन बदल रहा है?"

"मैं बदल रही हूं," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. सगळ्या दुकानाला ऐकू जावं असं सांगितलं. "इन हाथों से. दिवाळी में चारों खोले, चारों बैठाए. रिंग अपने हाथ से निकाली, अपने हाथ से बैठाई. ऊपर से तेल भी लगाया."

पदर पुन्हा ओढला गेला. आता जोरात.

"कौन सा तेल, अम्मा?"

"अच्छा वाला. घर का. जवस का."

गुड्डूभाईनं हातातला पाना खाली ठेवला. बोलली सिंधू. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, नाकाला लावली, पापडी नखानं वाजवून पाहिली.

"बाई, हे तं आपल्या दरवाज्यावरचं हाय."

एवढंच. आणि माझ्या पायाखालची फरशी हलली. दिवाळीच्या आधी आम्ही दोघी जावा घराची सगळी दारं, चौकटी, खिडक्या पुसून जवसाचं तेल फासतो. पहिला हात सुकू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. सुकून ते असं कडक होतं की वर पाणी थांबत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच करते आहे. लाकडावर ते तेल सुकतं हे मला कोणी शिकवायला नको. ते लोखंडावरही सुकेल हे मात्र डोक्यात आलं नाही. दिवाळीला रिंगांना पहिला हात दिला, ब्रेकच्या उष्णतेनं तो भाजून पक्का केला, आणि गेले चार दिवस रोज सकाळी वरून नवा हात देत होते. गोंद लावणारी लबाड बाई पिशवी घेऊन स्वतःच पंचांपुढं उभी होती.

राग कोणावर तरी काढायला पाहिजे. सिंधूवर काढला. "मंग आधी बोलायचं होतं. नुसता पदर कायले ओढून राहिली होतीस?"

"त्याच्यासाठी नाही जी. मांगं पाहा ना."

मागं पाहिलं. प्रमोद उभा होता. येता येता टायरची हवा बघून घ्यावी म्हणून थांबला होता. किती वेळ उभा होता ते विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळत होतं की छातीवर हात ठेवल्यापासून तरी होताच.

दोन वर्षं घरच्या चार भिंतींत जपलेली गोष्ट मी भर बाजारात, दोन भाषांत, स्वतः जाहीर केली होती.

त्यानं आम्हा दोघींना त्याच्या गाडीत बसवून घरी आणलं. अंगणात ओंडक्यांवरची गाडी पाहिली. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी दिसत होती बिचारी.

"आई, चावी दे."

"घे. पण नेशील कशी? चाकं कुठं हायेत तिला?"

तेव्हा मला माझी स्थिती नीट कळली. रिंगा निघाल्या नाहीत, तर गाडी माझ्या अंगणात राहील, पण हलणार नाही. निघाल्या, तर चाकं बसतील आणि त्याच चाकांवर ती नागपूरला जाईल. काढू की नको? सिंधू कानाशी म्हणाली, "राहू द्या जी तशाच. गाडी तं राहील."

मी क्षणभर विचार केला. गाडी गेली असती तर दुःख झालं असतं, खोटं बोलत नाही. पण म्हातारीला रिंगा काढता आल्या नाहीत असं गावभर झालं असतं, तर मी जगले नसते.

निघताना गुड्डूभाईनं थिनरची बाटली दिली होती. विचारलं होतं, "रिंग प्लास्टिक की है या एल्युमिनियम की?" एल्युमिनियमची म्हटल्यावर म्हणाला, मग थिनर चालेल, प्लास्टिक असती तर नसतं चाललं. फडकी थिनरमध्ये भिजवून रिंगांभोवती गुंडाळली. आम्ही जेवून घेतलं. कोणी वाढलेल्या भाजीचं कौतुक केलं नाही.

जेवून बघते तर पापडी मऊ पडलेली. चपटा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, रिंगेच्या कडेला घातला, थोडं उचकलं, पुढं सरकले, थोडं उचकलं, पुन्हा पुढं. गोल गोल फिरत पहिली रिंग निघाली. दुसरी निघाली. प्रमोदला राहवेना. बाह्या वर करून तिसरीला भिडला, एकाच बाजूनं जोर लावला, पेचकस सटकला आणि बोटं सोलून निघाली.

"एका बाजूनं नाही रे. फिरवत फिरवत."

"तुले कोणी शिकवलं?"

"पहिल्या दोघींनी."

उरलेल्या दोन त्यानं काढल्या, मी सांगितलं तशा. तारेच्या ब्रशनं हब घासले. लोखंडी चाकं घरी आल्यासारखी बसली. नट मी आवळले, समोरासमोरचे, एकाआड एक. त्यानं पाना घेऊन प्रत्येक नट तपासला. पान्यावर पाय देऊन उभा राहिला. एकही हलला नाही.

मग चावी घेऊन गाडीत बसला आणि फाटकाबाहेर गेला. मी अंगणात उभी. सिंधू फाटकापर्यंत धावली. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. मी उभीच राहिले. बऱ्याच वेळानं शेताच्या बाजूनं धूळ उडाली आणि गाडी परत आली.

"थरथरत नाही," तो म्हणाला. आवाजात जरा नाराजीच होती. चावी माझ्या हातावर ठेवली. "गाडी राहू दे. पण यापुढं चाकं गुड्डूभाईच्या दुकानात. खोलशील तूच. तो फक्त बघत राहील."

"त्याले का बघायचं हाय?"

"तू काय लावतेस ते."

एवढ्यावर मिटलं म्हणून मी निश्चिंत होते. पण गुड्डूभाईचा धंदा मला ठाऊक नव्हता. लोखंडी चाकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या, म्हणजे व्हीलकॅप, खड्ड्यांत पडतात ना, त्याचं रोजचं गिऱ्हाईक असतं. परवा आमगावकडचा एक माणूस मुर्रीत माझं घर विचारत आला, हातात रिकामी बाटली घेऊन. म्हणाला, टोपी सारखी निघते, दुकानवाल्यानं तुमच्याकडं पाठवलं. म्हणाला, अम्मा का तेल लगाओ, मरते दम तक नहीं निकलेगी.

मी त्याला बाटली भरून दिली. आणि एक हात सुकल्यावरच दुसरा द्या, हेही समजावून सांगितलं.