पंतप्रधान आणि बाळकुमचे नाथाकाका

शालन वैती आमच्या कल्याणच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या आणि मी अर्थशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती, आणि मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड. १९८७ साली बाईंनी बी.ए.च्या मुलांसाठी पंतप्रधानांच्या राजकीय नेतृत्वावर पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा प्रुफं तपासायचं काम मी कोणी न सांगताच अंगावर ओढून घेतलं.

बाई वर्गात फार छान बोलायच्या, पण लिहायला बसल्या की त्यांच्या भाषेला कडक इस्त्री व्हायची. पहिली दोन प्रकरणं वाचताना मला तीनदा जांभई आली आणि तसं मी तोंडावर सांगितलं. आमची निम्मी मुलं खडवलीकडून, आसपासच्या खेड्यांतून यायची. ‘पंतप्रधान हा समानांमधील पहिला असतो’ हे वाक्य त्यांनी पाठ केलं असतं आणि परीक्षा संपताच विसरूनही टाकलं असतं.

“अहो, तुमच्या गावचं काहीतरी घाला की त्यात! बाळकुमात कोणी पुढारी नाही का?” मी म्हणालो. मी तेव्हा गप्प बसलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

बाळकुम हे ठाण्याच्या खाडीकाठचं बाईंचं गाव. त्या आणि त्यांची आई आवडाबाई तिथेच कोळ्यांच्या जुन्या वस्तीत राहायच्या. तिसऱ्या प्रकरणात बाईंनी आपल्या सख्ख्या चुलत्यांनाच आणून बसवलं. नाथाकाका हे गावकीचे प्रमुख. खाडीत जाळं कोणी कुठे लावायचं यावरून एका वर्षी दोन आळ्यांत जुंपली होती आणि गावकी बसली होती. बाईंनी लिहिलं, ‘नाथा वैती सभेत शेवटपर्यंत गप्प राहिले. त्यांनी सर्वांना बोलून दमू दिले आणि मग स्वतः आधीच ठरवलेला निर्णय जाहीर केला. कुशल पंतप्रधानही मंत्रिमंडळाच्या बैठकीत हेच करतो.’ मला एकही जांभई आली नाही. मी समासात लाल शाईने ‘फक्कड!’ असं लिहिलं.

नाव बदलायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नाही. बी.ए.चं राज्यशास्त्र बाळकुमात कोण वाचणार, असं आम्हाला वाटलं.

दुरुस्त्या उतरवून झाल्या की जुनी प्रुफं बाईंच्या घरी रद्दीत जायची. आवडाबाईंनी त्यातलाच वरचा कागद घेतला, त्यात ओंजळभर सुकट बांधली आणि दिराच्या घरी पाठवून दिली. नाथाकाका जेमतेम चौथी शिकलेले, पण छापलेला कागद वाचल्याशिवाय टाकणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी सुकट बायकोच्या हातात दिली आणि कागद उन्हात धरून पहिल्या ओळीपासून वाचला.

शुक्रवारी बाई कॉलेजात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. रविवारी गावकी बसणार होती आणि ‘शालनला हजर राहायला सांगा’ असा काकांचा निरोप होता. सोमवारी गुणाजींच्या छापखान्यात तिसरं प्रकरण छपाईला जायचं होतं, पण बाईंना त्याचं काहीच पडलं नव्हतं.

“सर, वडील गेल्यावर काकांनीच आमच्याकडे पाहिलं. आणि मी त्यांना कावेबाज ठरवून बसले. त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं तर त्या गावात मी राहायचं कसं?”

“मी येतो तुमच्याबरोबर,” मी ऐटीत म्हणालो. शेवटी फूस माझीच होती.

रविवारी सकाळी मी ठाण्याहून रिक्षा करून गेलो. गावदेवीच्या देवळापुढे एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका बसल्या होत्या. मधोमध नाथाकाका. काटकुळा माणूस, अंगात बंडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हातात तो कागद. त्याचा सुकटीचा वास माझ्यापर्यंत येत होता.

“ह्यो फक्कड कुनी लिवला?” त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

मी शाळकरी पोरासारखा हात वर केला. काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि कागद बाईंकडे दिला. “वाच. मोठ्यानं.”

बाईंनी वाचलं. शेवटचं वाक्य त्यांनी घाईघाईत उरकलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

“मी गप बसलू, ह्ये खरं,” काका म्हणाले. “पन त्याच्या आधीचं चार दिस कुठं गेलं?”

“कुठले चार दिवस, काका?”

“घरोघर फिरलू मी. यो भिवाजी दार उघडी ना. याच्या ओट्यावर बसून रायलू. दुपारी याच्या बायकोनं जेवाया वाढलं, मंग यो बोलला.”

“भूक लागली म्हनून बसला व्हता यो!” पलीकडच्या आळीचा भिवाजी ओरडला, आणि सगळं देऊळ हसलं.

काका मात्र हसले नाहीत. “मी काय ठरवलं नाय, पोरी. सगल्यांनी मना आधीच सांगितलं व्हतं. मी फकस्त मोठ्यानं बोललू. तुजा पंतप्रधान असं करतो का नाय, मना ठाव नाय. करीत नसंल तर त्याचं नाव काढ, माजं ऱ्हाऊ दे.”

“म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?”

“रागावलू तर! अर्धंच लिवलंस म्हनून रागावलू.”

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्याची छपाई थांबवतो आणि ते चार दिवस प्रकरणात घालतो. खरं सांगतो, इतकं हायसं मला माझ्या पक्क्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही वाटलं नव्हतं. बाई काकांसमोर देवळाच्या पायरीवर जाऊन बसल्या.

“मला वाटायचं, तुम्ही बोललात की गाव ऐकतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या कॉलेजच्या वेळी तुम्ही इथेच उठून एवढंच म्हणालात, पोरगी शिकायला जाईल. कोणी चकार शब्द काढला नाही.”

आता काका हसले. “त्या येवढ्याश्या बोलन्याला मना पंधरा दिस लागलं. आनि सगल्यांत शेवटी कोन ‘हो’ बोलली, ठाव हाय?”

त्यांनी बायकांच्या बाजूला बोट दाखवलं. आवडाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता.

“मना भ्याव वाटत व्हतं,” त्या पदराआडून म्हणाल्या. “शिकली का ही जाईल निंगून, मंग मी कुनाकडं बघू?”

शालनबाई उठल्या, बायकांमधून वाट काढत गेल्या आणि आईला अगदी खेटून बसल्या.

“आये, कुठं गेले गं मी?” त्या म्हणाल्या.