तेराची पंगत

आमच्या तांड्यावरच्या शाळेत मी खिचडी शिजवते. गुरुजी गणित पंगतीतच शिकवतात. वाफेपलीकडे उभे राहून, डोळे अर्धे मिटून, अंगाईसारखं बोलतात, "चौदा पोरं म्हंजे सात-सात समोरासमोर. संयुक्त संख्या. तेरा मूळ संख्या हाय बाप्पा, तिच्या समसमान रांगा होतच नाहीत. सारे एकाच लांब रांगेत."

दिवाळीनंतर आमच्या चौदातली एक पोरगी मायबापासंगं ऊसतोडीला गेली. तिच्यासमोर बसणारी, शाळेतली सगळ्यांत धाकटी रिकाम्या जागेकडे पाहत राहिली, घास उचलेना. गुरुजी ताट घेऊन तिथं बसले. रोजच बसू लागले.

काल गुरुजी रजेवर होते. धाकटीनं त्यांच्यासारखेच डोळे अर्धे मिटले. "मावशी, तेराची एकच रांग होते. तू बस न."

मी पळी ठेवली आणि ताट घेतलं.