गोठ्यातून निघालेले अँगल

मेडशीच्या बाजूला आमचं वावर आहे, आणि त्यात विजेच्या मोठ्या लाइनीचा टॉवर उभा आहे. गावची लाइट जायची तेव्हाही त्याच्या तारा वर गुणगुणत असायच्या, त्यामुळे तो आम्हाला कधी आपला वाटलाच नाही. सासरे त्याला पाहुणा म्हणायचे. आला तो गेलाच नाही.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. सोयाबीनमधलं तण निंदायला बाया लावल्या होत्या. दुपारी भाकर खायला मी टॉवरच्या पायाशी टेकले, तर खालचे काही आडवे-तिरपे लोखंडी अँगल जागेवर नव्हते. बोल्टांची नुसती भोकं राहिली होती. शेलूबाजारकडे लोखंडचोर फिरतात असं ऐकलं होतं, त्यांचंच हे काम, असं मला वाटलं.

संध्याकाळी मी धाकट्या जावेकडे विरजण मागायला गेले. दिरांनी नवा गोठा बांधला होता. टिनांना खालून तिरप्या अँगलांचा आधार होता. पांढरे, जाड, दोन्ही टोकांना भोकं असलेले. विरजण न घेताच मी परत आले.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नवऱ्याला सांगावं तर भावाभावांत भांडण, लाइनीच्या हापिसात कळवावं तर घरात पोलीस. शेवटी दुसऱ्या दिवशी वावरात जावेलाच बाजूला घेतलं आणि टॉवरचा पाय दाखवला. ती चिडेल, बोलणं टाकेल, असं मी धरूनच चालले होते.  पण तिनं आधी वर तारांकडे पाहिलं, मग खाली ओळीनं वाकलेल्या बायांकडे.

"ताई, हा पडला तर आपल्याच वावरात पडन," ती म्हणाली. "आन् आपल्याच बाया खाली निंदून राह्यल्या असतीन."

घरी जाऊन तिनं दिरांना अँगल काढायला सांगितलं. ते म्हणाले, एवढ्या लोखंडात थोडं कमी झालं तर काय बिघडतं, कोणाला कळतंही नाही. ती वाद घालत बसली नाही. शिडी लावून स्वतःच टिनं उतरवू लागली. एक टीन खाली आलं, दुसरं आलं, तेव्हा दीर उठले आणि त्यांनी पाना हातात घेतला.

टॉवरवरच्या पाटीवर फोन नंबर होता. मी फोन केला, आणि दुसऱ्या सकाळी लाइनीच्या हापिसातले साहेब दोन माणसं घेऊन आले. अँगल आम्ही बैलगाडीतून नेऊन टॉवरखाली ठेवले होते. ते कुठे सापडले, असं साहेबांनी विचारलं. मी काहीतरी रचून सांगणार होते, तेवढ्यात जाऊ पुढे झाली.

"सापडले नाई, साहेब. आमीच काढले होते, आमीच आनले."

 साहेबांनी दिरांकडे पाहिलं. मग त्यांनी दिरांना जवळ बोलावून समजावलं की वारा सुटला की सगळा जोर या तिरप्या लोखंडांवर येतो, एक टॉवर कलला तर तारांनी शेजारच्यालाही ओढतो, आणि दवाखान्यापासून रेल्वेपर्यंत कितीतरी ठिकाणं याच लाइनीच्या भरवशावर असतात. तुमच्या गावची लाइटही फिरून फिरून इथूनच येते, असंही ते म्हणाले. तक्रार त्यांना करता आली असती. ती त्यांनी केली नाही, याबद्दल मी त्या माणसाची आजही आभारी आहे. त्यांच्या माणसांनी अँगल बसवले, आणि दीर त्यांच्या हातात एकेक बोल्ट देत होते.

पुढच्या हिवाळ्यात, तूर सोंगणीच्या दिवसांत, भर दुपारी तीन माणसं पिकअप घेऊन टॉवरखाली आली. डोक्यावर हेल्मेट, हातात पाने. आम्ही कंपनीचे, दुरुस्तीला आलो, असं त्यांनी सांगितलं. वावरात दीर एकटेच होते. त्यांनी ओळखपत्र मागितलं. ते हापिसात राहिलं म्हणाले, तेव्हा दिरांनी त्यांच्यासमोरच साहेबांना फोन लावला. पलीकडून उत्तर येण्याआधीच पिकअप सुरू झाली. गाडीचा नंबर पोलिसांना दिला. पुढे ते सापडले की नाही, आम्हाला कळलं नाही.

माणूस चुकला म्हणून कायमचा हातचा जात नाही, हे मला जावेनं दाखवलं. ती ओरडली असती, किंवा तिनं झाकून टाकलं असतं, तर आमचं घर दोन्हीकडून फुटलं असतं. ती ना नवऱ्याला टाकून बोलली, ना तिनं त्याचं केलेलं लपवलं. तिचे उपकार मी तोंडानं कधी बोलून दाखवले नाहीत. आमच्यात तशी रीत नाही.

त्या दिवशी पिकअपची हकीकत दिरांनी आधी मला येऊन सांगितली. तिला का नाही सांगितली, असं मी विचारलं, तर खाली पाहत म्हणाले, "तिले तुमीच सांगा, वयनी."

मी सांगितली. ती चुलीपुढे बसली होती. सगळं ऐकून तिनं पीठ मळायला घेतलं. दीर जेवायला बसले तेव्हा त्यांनी न मागता तिनं त्यांच्या ताटात गरम भाकर वाढली, आणि वर लोण्याचा गोळा ठेवला.